ओट्यामागची भिंत

यंदा पाऊस ओसरला आणि मालवणच्या आमच्या घरातल्या स्वयंपाकघराचा प्रश्न पुन्हा वर आला. ओट्याचा कडप्पा मधोमध तडकलेला, मागच्या भिंतीवरच्या पांढऱ्या टाइल्स फुगून सुटायला लागलेल्या. घर नव्वद वर्षांपुढचं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, मंगळुरी कौलांचं. कुवेतमधल्या भावाने मोबाइलवर निळ्या नक्षीच्या 'मोरोक्कन' टाइल्सची चित्रं पाठवली. मुंबईच्या वहिनीचा आग्रह पांढऱ्या क्वार्ट्झचा. अम्मीचं म्हणणं एवढंच, की काहीही बसवा, पण घराचं जुनेपण जाऊ देऊ नका. मी तिथेच अडकलो. कुठलं जुनेपण?

कारण या घरात सगळ्यात नवा आहे तो ओटाच. माझ्या दादीने आयुष्यात उभ्याने स्वयंपाक केला नाही. चूल जमिनीवर, शेजारी वैल, बसायला पाट, खोबरं खवायला आडाळो, वाटायला पाटा-वरवंटा. मासे परसात बसून साफ व्हायचे. सारवलेली जमीन हाच तिचा ओटा. बाईला जमिनीवरून उठवलं ते गॅसने. १९५५ साली बर्मा शेल कंपनीने मुंबईत स्वयंपाकाचा गॅस विकायला सुरुवात केली. सिलिंडर खाली उभा ठेवायचा तर शेगडी त्याच्याहून वर हवी, म्हणून कमरेएवढा ओटा आला. आमच्याकडे तो पोचायला आणखी बरीच वर्षं लागली. १९७३ नंतर आखातात तेलाचा पैसा वाढला, कोकणातली मुलं तिकडे गेली, आणि त्यांच्या ड्राफ्टांवर घरोघरी ओटे उभे राहिले. आमचा ओटा अब्बांच्या दुसऱ्या सुट्टीतला. अम्मी ज्याला जुनं म्हणते ते हेच.

त्या ओट्याचा दगडही इथला नाही. मराठी घरात दोन दगडांना गावांचीच नावं पडली आहेत. शहाबादी फरशी कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातली. १८७१ मध्ये मुंबईकडचा आणि मद्रासकडचा लोहमार्ग रायचूरला जोडला गेला. शहाबाद त्याच मार्गावर. फरशी आगगाडीत चढली आणि मुंबईच्या चाळींपर्यंत आली. कडप्पा आंध्रातल्या कडपा भागातला. तेलुगूत 'गडप' म्हणजे उंबरठा, तिरुपतीचा उंबरठा म्हणून गावाला ते नाव पडलं असं सांगतात. उंबरठ्याच्या नावाचा दगड आम्ही ओट्यावर चढवला, ही गंमतच.

डोक्यावरची कौलंही तशीच. बासल मिशनच्या जर्मन पाद्र्यांनी १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला, म्हणून ती मंगळुरी. आज त्यांच्याशिवाय 'अस्सल कोकणी घरा'चा फोटो पुरा होत नाही.

आता भावाच्या मोरोक्कन टाइल्स. मला पहिल्यांदा हसू आलं, मग वाटलं की या यादीतली सगळ्यात जवळची ओळख कदाचित हीच असेल. पोर्तुगीज लोक अशा टाइलला 'अझुलेजु' म्हणतात. 'अझुल' म्हणजे निळा, म्हणून अनेकांना तो शब्द निळ्या रंगावरून आल्यासारखा वाटतो. तसं नाही. तो अरबी 'अल-झुलैज'वरून आला, म्हणजे गुळगुळीत केलेला छोटा दगड. अंदलुसच्या मुस्लिम कारागिरांकडून शब्द आणि कला दोन्ही स्पेन-पोर्तुगालने घेतली. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत १९३५ साली बसवलेल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स आहेत, त्यांवर पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग रंगवलेत. मालवणहून एका दिवसात जाऊन बघून येण्यासारख्या. त्यांचा चित्रकार जॉर्ज कोलासो, जन्म मोरोक्कोतल्या तांजियरचा. वास्को द गामाची थोरवी सांगायला पोर्तुगालने जी कला वापरली, तिचं नावच अरबी!

आणि एवढं लांब तरी कशाला? बिदरला महमूद गवानच्या मदरशावर इराणी पद्धतीच्या रंगीत टाइल्स अजून तग धरून आहेत. तो मदरसा १४७२चा. त्याच सुमारास गवान कोकणात लढत होता, खेळणा घेऊन तो गोव्यापर्यंत गेला होता. म्हणजे टाइलवेडा एक वजीर आमच्या किनाऱ्यावरून गेला, पण टाइल काही इथे रुजली नाही.

त्याचं कारण गवंड्याने सांगितलं. बिदरची हवा कोरडी. आमचा जांभा मात्र पाणी पितो. पावसाळ्यात ओल जमिनीतून चिऱ्यात चढते, येताना क्षार घेऊन येते. जुन्या भिंतीला खाडीतले शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा असायचा, त्यातून ती ओल बाहेर पडून वाळायची. चुना कच्चा म्हणून त्याला हिणवू नये. सिंधुदुर्ग किल्ल्यातले महाराजांच्या हातापायाचे ठसे चुन्यातच आहेत. अब्बांनी सुट्टीत घाईने चुना खरवडून सिमेंट मारलं, वर टाइल्स चिकटवल्या. ओल आत कोंडली, मागे पांढरी खारी पूड साठली आणि तिनेच टाइल्स ढकलून दिल्या. चाळीस वर्षं आम्ही टाइलला दोष देत होतो.

ओट्याचं वरचं पान निवडणं त्या मानाने सोपं होतं. कडप्पा आणि शहाबादी, दोन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ सांडलं की डाग नुसता बसत नाही, आंबट पदार्थ दगडच खातो. मालवणी स्वयंपाकात आंबट टाळणार कसं? ग्रॅनाइटला ती भीती नाही.

क्वार्ट्झवर मात्र घरात वाद झाला. हा खाणीतून निघालेला दगड नाही. क्वार्ट्झची भुकटी राळेत दाबून तो कारखान्यात करतात, आणि त्यात सिलिका बहुतेक वेळा ९० टक्क्यांच्या वर असते. घरात बसलेला पत्थर निरुपद्रवी, पण कापताना उडणारी बारीक धूळ कामगाराच्या फुप्फुसात कायमची बसते. त्याला सिलिकोसिस म्हणतात, आणि तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा दगड वापरायलाच बंदी घातली. कणकवली तालुक्यात कासार्ड्याला सिलिका वाळूच्या खाणी आहेत, त्यामुळे सिलिका हा शब्द आमच्या जिल्ह्याला परका नाही. वहिनी म्हणाली, "ग्रॅनाइटमध्ये नसते का?" असते, पण पुष्कळ कमी. म्हणून तोही पाणी मारूनच कापायचा, असं ठरलं.

शेगडीच्या बाजूला काळा ग्रॅनाइट. जुन्या कडप्प्याचा शाबूत अर्धा भाग परसात, मासे धुवायला. मागची भिंत सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याची, आणि शेगडीमागे फक्त दोन फूट टाइल, भावाच्या पसंतीची निळी. पत्ता मोरोक्कोचा नाही, खोक्यावर मोरबी, गुजरात लिहिलेलं आहे. भावाला अजून सांगितलेलं नाही.

उंचीचा प्रश्न शेवटी निघाला. मिस्त्री चौतीस इंच म्हणत होता. अम्मीला उभं करून कोपरापर्यंत टेप लावला, त्यातून चार इंच वजा केले. तेव्हा कळलं की चाळीस वर्षं ती तीन इंच उंच ओट्यावर खांदे वर करून वाटण करत होती.