जीप, ट्रॅक्टरचं इंजिन आणि एक ब्रेक

सोयाबीनची काढणी झाली, तुरीले अजून वेळ आहे. तेवढ्यात शेडमधली जुनी जीप बाहेर ओढली आणि चारही चाकं खोलली. हब साफ करता करता तिचा इतिहास डोक्यात घोळत होता, तो लिहून काढतो. आपल्या इकडं ही गाडी लोकांनी नुसती चालवली नाही, घरच्या घरी दहा वेळा कापली आणि जोडली.

सुरुवात लढाईपासून. 1940 साली अमेरिकन लष्कराले हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी पाहिजे होती. त्यांनी 135 कंपन्यांकडं मागणी पाठवली आणि नमुना 49 दिवसांत द्या म्हणून अट घातली. बँटम नावाच्या लहानशा कंपनीनं वेळेत नमुना करून दिला. मोठं काम मात्र विलीज आणि फोर्डले भेटलं. दोघांनी मिळून लढाईत सहा लाखांच्या वर गाड्या केल्या. लढाई संपत आली तशी विलीजनं 1945 साली हीच गाडी शेतकऱ्यासाठी म्हणून बाजारात आणली, सीजे-2ए. मागं हुक, पट्ट्यावर मशीन फिरवायची सोय, आणि जाहिरात अशी की नांगर ओढा, माल वाहा.

मुंबईच्या महिंद्रा बंधूंनी 1947 मध्ये या जीपचा व्यवहार धरला. 1945 ची त्यांची कंपनी आधी महिंद्रा अँड मोहम्मद होती. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, आणि 1948 साली कंपनीचं नाव बदललं. पुढं सुटे भाग आणून माझगावात जोडणी सुरू झाली. त्याच 1948 मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी दुरुस्त केलेल्या जुन्या जीप परदेशातून मागवल्या गेल्या होत्या. पोहोचल्या फक्त 155, आणि त्याही कामाच्या निघाल्या नाहीत. लोकसभेत तो विषय लय गाजला. वरून रंग मारलेली जुनी गाडी घेताना मी आजही आधी चेसिसखाली झोपून पाहतो, ते उगाच नाही.

गावात जीप आली ती सरकारच्या नावानं. 2 ऑक्टोबर 1952 ले सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, मागून विकास गट आले, बीडीओ आले, आणि साहेबाची जीप आली. आमच्या आजाच्या पिढीले जीप म्हणजे धूळ उडवत येणारा साहेब, नाहीतर निवडणुकीचा भोंगा. कास्तकाराच्या हाती ती आली लिलावातून, लष्कराच्या नाहीतर खात्याच्या. 'डिस्पोजलची जीप' हा शब्द तिथला.

आता शेताचा हिशोब पाहा. जीपचं पहिलं गिअर, लो रेंज आणि मागचा डिफरन्शियल मिळून इंजिनच्या जवळपास 37 फेऱ्यांत चाक एकदा फिरतं. इंजिन हजारावर ठेवलं तर गाडी ताशी साडेतीन किलोमीटरनं चालते, म्हणजे बैलाच्या चालीनं. कागदावर नांगरणीले झक्कास. पण रिकाम्या गाडीचं वजन हजार किलोच्या आसपास आणि टायर सहाशे-सोळाचे. आपल्या काळ्या मातीत खोल नांगर लावला की चाकं जागेवर फिरत, नांगर तसाच. अमेरिकन जाहिरात वऱ्हाडच्या मातीत फसली ती इथं. ज्या कामाची जाहिरात नव्हती ते काम मात्र तिनं केलं: पावसाळ्यात पांदणीतून माणूस, खत आणि माल बाहेर काढणं. जिथं बैलबंडी आसापर्यंत रुतत होती तिथं जीप निघायची. पांदण रस्ता ही आपली आजचीही रड आहे, ते तुम्हाले सांगायची गरज नाही.

मग 1973 मध्ये तेल महागलं. सव्वादोन लिटरचं पेट्रोल इंजिन पोसणं कास्तकाराले जमेना. इथं दुसरा धागा येतो. 1963 साली महिंद्रा, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरनं मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली होती, तिचा बी-275 गावोगाव पोहोचला. त्याच घराण्यातलं डिझेल इंजिन पुढं कंपनीनं स्वतः जीपमध्ये बसवलं, नंतर प्यूजोचं 2112 सीसीचं आलं. पण जुन्या जीपवाल्यांनी कंपनीची वाट पाहिली नाही. गावातल्या मिस्त्र्यांनी भंगारातल्या ट्रॅक्टरचं इंजिन उचललं, खरादीकडून मधली प्लेट करून घेतली, माउंटिंग कापून वेल्ड केले, सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची टाकली. माझ्या मते ही अभियांत्रिकीच आहे, याले नुसतं जुगाड म्हणणं अन्याय आहे.

पण त्यात एक चूक होती, आणि ती सगळीकडं सारखीच होती. मूळ इंजिन 4000 फेऱ्यांपर्यंत जायचं, ट्रॅक्टरचं दोन हजाराच्या आसपास. मागचा डिफरन्शियल तोच. त्यामुळं शंभराच्या घरात पळणारी गाडी पन्नासावर अडायची. लोक म्हणत, चांगलंच आहे, हळू चालते म्हणजे सेफ आहे. वेग कमी झाला हे खरं, पण वजन वाढलं, तेही सगळं पुढच्या धुऱ्यावर. आणि ब्रेक तेच राहिले. ड्रमचे लहान ब्रेक, एकच मास्टर सिलेंडर, एकच लाईन. चारातलं एक व्हील सिलेंडर गळलं की चारही चाकांचे ब्रेक जातात. इंजिन बदलायले मिस्त्री आठ दिवस देत, ब्रेकले कोणी अर्धा दिवस देत नसे.

आमच्या जीपचं तसंच झालं. संत्र्याचे क्रेट भरून बाबा नाल्याच्या उतारावरून येत होते. पेडल थेट खाली गेलं. गिअर अडकवायच्या आत गाडी धुऱ्यावर चढून कलंडली. बाबाचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला, तो आजही थंडीत दुखते. घरी आल्यावर ते पहिलं वाक्य बोलले, "मिस्त्र्यानं नाही रे, म्याच म्हटलं होतं ब्रेक पुढच्या साली पाहू."

म्हणून आता चाकं खोलली आहेत. चारही व्हील सिलेंडर नवे, पाईप नवे, आणि पुढचं-मागचं वेगळं ठेवणारं दोन भागांचं मास्टर सिलेंडर. पुढं एक लाईन गेली तरी मागचे ब्रेक धरतील. इंजिन तेच ठेवतो.

कागदाचं मात्र सांगून ठेवतो. आरसी बुकात पेट्रोल आणि बोनेटखाली डिझेल अशा गाड्या आपल्या तालुक्यात अजून उभ्या आहेत, आमचीही त्यातलीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं परवानगीशिवाय असे बदल चालत नाहीत, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाही असं सांगितलं. त्यामुळं आमची जीप आता डांबरीवर, हायवेवर जात नाही. घर ते वावर, वावर ते घर.

काल बाबा शेडमध्ये येऊन बसले. नवं सिलेंडर हातात घेतलं, उलटंसुलटं पाह्यलं आणि म्हणाले, "आधी मले बसव. त्या उतारावर मीच नेतो." अजून हो म्हटलं नाही. हवा काढायची राहिली आहे, ती उद्या काढतो.