आमच्या देवळांतील अपरिचित प्रतिमा

जुन्या गोव्याच्या यात्रेस जाणारे आमचे बहुतेक भाविक बॉम जेझूच्या देवळात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र देहाचे दर्शन घेतात, समोरच्या से कॅथीड्रलात गुडघे टेकतात, मेणबत्त्या विकत घेतात आणि गाडीची वेळ झाली म्हणून परततात. यात गैर काही नाही. तथापि जो कोणी तासभर अधिक थांबून टेकडीवरील संत मोनिकेच्या मठापर्यंत चढून जाईल, त्यास तेथील ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात आपल्या पूर्वजांच्या भक्तीची हस्तिदंती, रुपेरी व लाकडी साक्ष पाहावयास मिळेल. हा संग्रह पूर्वी राशोलच्या सेमिनरीत होता. २००२ साली तो येथे आणिला गेला.

गोव्यातील काही जुन्या देवळांत प्रवचनपीठाखाली दृष्टी टाकावी, तर भाविक क्षणभर चपापतो. तेथे कमरेपासून वर स्त्री व खाली सर्प अशा नागकन्या कोरलेल्या असून त्यांनी जणू पीठाचा सारा भार उचलून धरिला आहे. प्रभूच्या वचनाच्या पायाखाली पाप दडपलेले आहे, असा अर्थ कित्येक सांगतात. तो अर्थ सुंदर आहे. परंतु आमच्या मते कारागिराने त्याच्या हाताला जे वळण होते तेच कोरिले. गोव्याच्या १५६७ च्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने ख्रिस्तेतरांकडून पवित्र प्रतिमा करवून घेण्यास मनाई केली होती. मनाई झाली खरी, पण देवळे तर उभारावयाची होती, आणि छिन्नी चालविणारे हात ज्यांचे होते त्यांचेच राहिले.

याहून आश्चर्याची वस्तु म्हणजे सतराव्या शतकात गोव्यात घडलेली उत्तम मेंढपाळाची हस्तिदंती मूर्ति. अशा मूर्ति जहाजांतून युरोपात गेल्या व तेथील संग्रहांत आजही दिसतात. उंच खडकाच्या शिखरावर बाळ येशू बसला आहे. एक मेंढरू खांद्यावर, एक मांडीवर. खाली झरा वाहतो व मेंढरे पाणी पितात. त्याहून खाली गुहेत मारिया माग्दालेना पुस्तक उघडून पहुडली आहे. बाळाने पाय एकमेकांवर टाकिले आहेत, मस्तक हातावर टेकले आहे आणि डोळे मिटलेले आहेत. ज्याने वेरूळ किंवा कार्ले पाहिले आहे त्यास ध्यानस्थ बुद्धाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही, व विद्वानांनीही हे साम्य दाखविले आहे. परंतु बाळ झोपी गेले आहे की ध्यान करीत आहे, हे त्या मूर्तीपुढे कितीही वेळ उभे राहिले तरी ठरत नाही. आणि ते न ठरणे हेच आम्हांस फार गोड वाटते.

जे छिन्नीने नकळत केले तेच लेखणीने जाणूनबुजून केले. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले, आणि १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण छापून निघाले. ओवी आमची, शब्द आमचे, कथा तारणाऱ्याची. त्या ग्रंथास आज कोणीही परका वेष म्हणत नाही. मग लेखणीस जे शोभले ते कुंचल्यास का शोभू नये?

हा प्रश्न ज्यास आयुष्यभर सोसावा लागला तो चित्रकार म्हणजे आंजेलो द फोन्सेका. १९०२ साली गोव्यातील सांतो इस्तेव्हांव बेटावर त्यांचा जन्म झाला. मुंबईस वैद्यकीचा अभ्यास सोडून ते जे. जे. कलाशाळेत गेले, तेथील पाश्चात्त्य वळणाने समाधान होईना, म्हणून शांतिनिकेतनास जाऊन अवनीन्द्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. तेथून ते परतले ते पवित्र मातेस साडी नेसवूनच. चित्रांतील मरिया सावळी आहे, डोक्यावरून पदर घेतलेली आहे, जमिनीवर बसलेली आहे. गोव्यातील पुष्कळ ख्रिस्ती जनांस हे खपले नाही. ज्यांनी लहानपणापासून निळ्या डोळ्यांची माता पाहिली होती, त्यांस ही माता आपली असूनही परकी वाटली. फोन्सेका गोवा सोडून पुण्यास आले आणि शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिले. हा आश्रम ॲंग्लिकन बंधूंचा. कॅथलिक चित्रकारास त्याच्या मातेचे चित्र काढावयास आसरा मिळाला तो असा; हे वाचताना आम्हां धर्मगुरूंनी थोडे थांबावे. आपल्यांपैकी कोणी पाठ थोपटलीच नाही असे मात्र नाही: मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील स्पॅनिश इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास यांनी त्यांस मनापासून उत्तेजन दिले. १९६७ साली फोन्सेका पुण्यासच वारले. आता त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यातील पर्वरी येथे येशूसंघीयांच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपला गेला आहे. जी भूमि त्यांस सोडावी लागली, तेथेच ती चित्रे परतली.

नवे ते सर्व चांगले असे आमचे म्हणणे मुळीच नाही. केवळ चकित करण्याकरिता काढिलेले चित्र वेदीपाशी नको. परंतु येथेही घाई घातक. फ्रान्समध्ये आल्प्स पर्वतातील आस्सी येथील देवळात जेर्मेन रिशिए या शिल्पकार बाईंनी १९५० साली काशाचा क्रूसिफिक्स घडविला. त्यात प्रभूचा देह क्रूसाच्या लाकडाशी एकरूप होऊन इतका झिजलेला आहे की चेहरा असा उरलाच नाही. पुष्कळांनी आक्रोश केला आणि १९५१ साली बिशपांच्या आज्ञेने तो काढविला गेला. त्या गावी क्षयरोग्यांची आरोग्यधामे होती; रोग्यांस मात्र त्या झिजलेल्या देहात आपलीच व्यथा ओळखू आली होती. पुढे तो क्रूस सन्मानाने परत लागला.

ख्रिस्तसभेची शिकवण याविषयी काय आहे? १५६३ च्या डिसेंबरात ट्रेंटच्या विश्वसभेने ठरविले की प्रतिमेस दिलेला मान ज्याची ती प्रतिमा त्यास पोहोचतो. आणि बिशपांची संमति असल्यावाचून कोणतीही असाधारण प्रतिमा देवळात लावू नये. सेमिनरीत हे वाक्य आम्ही पाठ केले ते मनाईचे म्हणून. परंतु नीट वाचिले असता त्यात असाधारण प्रतिमेस बंदी नाही; तिला दाराशी उभी करून बिशपांस विचारावे, एवढेच आहे. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेने तर स्पष्टच म्हटले की ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलापद्धति आपली स्वतःची अशी मानिलेली नाही.

एवढा इतिहास सांगण्याचे कारण वाचकांनी ओळखिलेच असेल. या जुबिलीनिमित्त डाव्या बाजूच्या वेदीकरिता पवित्र मातेचे जे चित्र करवून घेतले, त्यात ती आमच्याकडील बायांप्रमाणे लुगडे नेसलेली आहे व बाळ तिच्या कडेवर आहे. कित्येक वडीलधाऱ्यांनी येऊन आम्हांस सांगितले की फादर, ही आमची माता नव्हे, ही तर शेजारची बाई दिसते. त्यांच्या दुःखास आम्ही हसत नाही. ज्या चित्रापुढे आईबापांच्या मरणसमयी त्यांनी रोझरी म्हटली, ते त्यांच्या डोळ्यांत आहे. तथापि हीच मंडळी वेलांकणीस जाऊन त्या मातेस साडी अर्पण करून येतात, याचीही आम्ही त्यांस नम्रपणे आठवण दिली. जुने चित्र कोठेही जाणार नाही. ते साक्रिस्तीच्या दाराजवळ, जेथे सकाळचा उजेड पडतो, तेथे राहील. नव्या चित्राचे छायाचित्र बिशपमहाराजांकडे संमतीसाठी पाठविले आहे. उत्तर येईपर्यंत ते शाळेच्या सभागृहात ठेविले असून रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर तास दोन तास दार उघडे असते. ज्यांचा विरोध आहे त्यांनी विशेषेकरून यावे, थोडा वेळ समोर बसावे, आणि आपले म्हणणे आम्हांस लिहून द्यावे. ते पत्रही आम्ही बिशपमहाराजांकडे पाठवू.