एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा फ्लँज वाकलाय? फेसिंग कधी आणि कसं करायचं

जुनी गाडी सकाळी सुरू केली की टिकटिक आवाज येतो, इंजिन तापलं की कमी होतो. गॅस्केट बदलूनही तेच? मग फ्लँज तपासा. फ्लँज म्हणजे मॅनिफोल्डचा इंजिन हेडला बोल्टने घट्ट बसणारा सपाट भाग.

का वाकतो?
बिडाचा ५० सेंमी लांब मॅनिफोल्ड ६०० अंशांनी तापला तर साधारण ३ मिमी वाढतो, थंड झाला की आकसतो. बोल्ट मात्र त्याला हलू देत नाहीत. वर्षानुवर्षं असं झालं की तो कायमचा वाकतो, कधी टोकाचे स्टडही तुटतात.

कसं तपासायचं?
मॅनिफोल्ड काढून फ्लँज साफ करा. सगळ्या फ्लँजवर मिळून एकच स्ट्रेट एज ठेवा आणि खालच्या फटीत फीलर गेज घालून बघा. किती फट चालते, ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. हेडची बाजूही अशीच तपासा.

दुरुस्ती
मशीन शॉपमध्ये सगळे फ्लँज एकाच सेटिंगमध्ये ग्राइंड करून घ्या. हाताने एकेक घासला तर प्रत्येक सपाट होईल, पण सगळे एका पातळीत येतीलच असं नाही. धातू गरजेपुरताच काढायचा. तडा दिसला तर मॅनिफोल्डच बदलणं बरं. बसवताना गॅस्केट नवी घ्या आणि बोल्ट मधून टोकांकडे, टॉर्क रेंचने आवळा.

दुर्लक्ष का नको?
गळणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला स्वतःचा वास नसतो आणि तो केबिनमध्ये शिरला तर जिवावर बेतू शकतं.