गिऱ्हाईकाला धाडलेला निरोप



कामगार चळवळीतल्या माणसाने मजुरीवर बोलावे, हमालीवर बोलावे; व्यापारी गिऱ्हाईकाशी कोणत्या मार्गाने बोलतो याच्याशी त्याला काय कर्तव्य, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. पण मजूर हा दिवसभर मजूर असला तरी संध्याकाळी दुकानापुढे उभा राहिला की तो गिऱ्हाईक होतो. आणि सकाळी मिळवलेले संध्याकाळी कसे जाते हे पाहिल्यावाचून मजुरीचा हिशेब पुरा होत नाही. शिवाय मी शाळेत थोडके आणि वाचनालयात फार शिकलेला मनुष्य असल्यामुळे विषयांची कुंपणे मला कोणी घालून दिलेली नाहीत.

साखऱ्यासारख्या गावी एके काळी निरोपाचे साधन म्हणजे दवंडी. ती बहुधा सरकारी असे. परंतु बाजारात आपला माल ओरडून सांगणारा विक्रेता हाही त्याच जातीचा. या साधनाला कागद नव्हता, पण एक मोठा गुण होता. ते चारचौघांत चाले. एकाला एक भाव आणि दुसऱ्याला दुसरा, अशी लबाडी निदान त्या आरोळीपुरती करता येत नसे. सगळ्या आळीने ऐकलेला शब्द फिरवणे अवघड असते.

पुढे टपाल आले. इंग्रजी मुलखात १८७७ साली व्ही. पी. सुरू झाली, १८७९ च्या १ जुलैला पाव आण्याचे कार्ड निघाले आणि १८८० साली मनीऑर्डर आली. या तिघांकडे वेगवेगळे पाहू नये. ती एकाच यंत्राची तीन चाके होत. व्यापाऱ्याने सूचीपत्र छापून धाडायचे, गिऱ्हाईकाने कार्डावर मागणी लिहायची, पोस्टमनने पुडके आणायचे व पैसे हातात पडल्यावरच ते द्यायचे, आणि तो पैसा मनीऑर्डरीने व्यापाऱ्याकडे जायचा. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या दोन माणसांत सरकार जामीन राहिले! आपला हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथले टपाल स्वतंत्र, तिकिटेही निराळी. १९५० साली ते भारतीय टपालात मिळाले. पण कार्डाची खरी थोरवी अशी की ज्या किमतीत व्यापारी लिही, त्याच किमतीत गिऱ्हाईकही उत्तर देई. वाट दुहेरी होती. आणि कार्डावर टपालाचा शिक्का असे, म्हणजे तारीख पुसता येत नसे. दुकानातल्या वाकवलेल्या तारेला टोचून ठेवलेला कार्डांचा गठ्ठा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. तो दुकानदाराचा पुरावा होता, तसा गिऱ्हाईकाचाही होता.

या मार्गाचा महाराष्ट्रातला सर्वांत बोधप्रद दाखला किर्लोस्करांचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते या समजुतीने शेतकरी त्याला हात लावीना. पहिले थोडे नांगर खपायला वर्षे लागली. १९१० साली कारखाना औंध संस्थानात आला आणि माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. नुसता नांगर चांगला असून भागत नाही, गिऱ्हाईकाच्या मनातले भय काढावे लागते. आणि ते एका जाहिरातीने निघत नाही, वारंवार बोलत राहावे लागते. १९२० साली तिथून 'किर्लोस्कर खबर' निघाले. कारखान्याची हकीकत गिऱ्हाईकांना कळवणारे हे पत्रक शंकरराव किर्लोस्करांच्या हाती वाढता वाढता 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे त्याला लाभली. नांगराच्या पाठीवर बसून मराठी वाङ्मय खेडोपाडी गेले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मालकवर्गाची स्तुती माझ्या तोंडून सहसा निघत नाही, परंतु गिऱ्हाईकाला वाचक मानणारा कारखानदार विरळा, हे कबूल केलेच पाहिजे.

तारेबद्दल थोडेच सांगतो. ती घरी आली की बायका रडू लागत. पेढीवर आली की भाव हालत. शब्दाला पैसे पडत म्हणून मोठ्या पेढ्या एका शब्दाचा 'तारेचा पत्ता' नोंदवून ठेवीत. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. आकाशवाणीवर विविध भारतीच्या जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे सुरू झाल्या. रेडिओ ही यंत्राची दवंडीच. फरक इतकाच की हिला उलट प्रश्न विचारता येत नाही.

आता मोबाइलवरचा एसएमएस घ्या. त्याला पाठवणाऱ्याचे जे आखूड नाव असते, तो तारेच्या पत्त्याचा नातूच समजा. हा निरोप साध्यात साध्या फोनवर येतो, इंटरनेट लागत नाही, हा त्याचा गुण. पण एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. इंग्रजी लिपीत एका संदेशात १६० अक्षरे मावतात. देवनागरीत फक्त ७०, आणि त्यांत काना, मात्रा, अनुस्वार हे प्रत्येक वेगळे मोजले जातात. 'हिंगोली' लिहिले की सात गेली. म्हणजे तोच मजकूर मराठीत धाडायचा तर कंपनीला दुप्पट किंवा अधिक संदेशांचे पैसे पडतात. मग ती इंग्रजीत धाडते. आमच्या कचेरीत एक हमाल कर्ज देणाऱ्या एका कंपनीचा निरोप वाचून घ्यायला आला होता. हप्ता चुकल्याच्या दंडाची ती सूचना त्याने चार दिवस जाहिरात समजून सोडून दिली होती.

मराठीत निरोप आला म्हणजे सारे झाले, असेही नाही. २००७ साली रॉयटर्सने महाराष्ट्रात शेतकऱ्यांना वर्गणी घेऊन बाजारभाव आणि हवामान एसएमएसने कळवण्याचा धंदा काढला. फाफशाँ आणि मिंटेन या अभ्यासकांनी राज्यातल्या १०० गावांत त्याची परीक्षा घेतली. २०१२ साली निष्कर्ष छापून आला : शेतकऱ्याला मिळालेल्या भावात सरासरीने दखल घेण्याजोगा फरक नाही. त्यांनी पाहिलेल्या पिकांत आपले सोयाबीनही होते. याचे कारण मी माझ्या अनुभवावरून लावतो. ज्याने आडत्याकडून उचल घेतली आहे, त्याला दुसऱ्या पेठेचा भाव कळून उपयोग काय? निरोप हातात आला, गाडी वळवण्याची ताकद आली नाही.

या संदेशांचा उपद्रव वाढला तेव्हा सरकारने २००७ साली नकोशा जाहिरातींपासून सुटकेची नोंदवही काढली. १९०९ या क्रमांकावर आजही तशी नोंद करता येते. २०१८ च्या नियमांनी पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा दोन्ही आधी नोंदवणे भाग पडले. ८ मार्च २०२१ रोजी ही गाळणी लागताच देशभर बँकांचे ओटीपी अडकले आणि ती आठवडाभर उचलावी लागली! २०२५ पासून नावापुढे एक इंग्रजी अक्षर येते : जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी निरोपाला जी. एवढी चार अक्षरे ओळखायला आम्ही आमच्या सभासदांना शिकवले आहे.

व्हॉट्सअ‍ॅपचे धंद्याकरिता निराळे रूप जानेवारी २०१८ मध्ये आले. हळदीचा व्यापारी असो की किराणा दुकानदार, दोघांनाही ते फुकट मिळते; चित्र जाते, आवाज जातो, मराठीला जादा दर नाही. मोठ्या कंपन्यांना मात्र पैसे पडतात. गिऱ्हाईकाने लिहिल्यापासून चोवीस तास त्या मोकळेपणी उत्तर देऊ शकतात. त्यानंतर मंजूर साच्यातलाच निरोप धाडता येतो. म्हणजे कार्डाची दुहेरी वाट इथे पुन्हा मिळाली, पण शिक्का मिळाला नाही. २०१७ पासून, धाडलेला निरोप धाडणाऱ्याला काही वेळ दोन्हीकडून पुसून टाकता येतो. म्हणून कोणी भावाचा किंवा हप्त्याचा निरोप घेऊन कचेरीत आला, की आम्ही आधी तारीख-वेळेसह पडद्याचे चित्र काढून ठेवतो, आणि मग मजकूर वाचतो.