दोन घरचा पाहुणा

अमेरिकेतला ‘पॉप-अप कॅम्पर’ बंद असतो तेव्हा गाडीमागे ओढायचा एक बसका, चपटा ट्रेलर असतो. मुक्कामी पोहोचल्यावर हँडल फिरवले की छप्पर वर येते, दोन्ही बाजूंना पलंग सरकतात आणि कॅनव्हासच्या भिंती ताणल्या जातात. इंडियानातल्या मिडलबरी गावी १९६८ साली लॉइड बॉनट्रेगर यांनी जेको कंपनी सुरू केली, ती अशाच घडीच्या ट्रेलरसाठी स्वतः रचलेल्या उचल-यंत्रणेच्या बळावर.

विम्याच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत या कॅनव्हासच्या दारातूनच करावेसे वाटते. हे वाहन की घर, या एका प्रश्नात अर्धे विमाशास्त्र सामावले आहे.

दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी या ट्रेलरची गत होते. मालकाला वाटते, गाडीचा विमा आहे, घराचाही आहे. मधले काही सुटेल कसे? पण सुटते. गाडीच्या विम्यातले दायित्व-संरक्षण बहुधा मागे जोडलेल्या ट्रेलरलाही लागू होते, म्हणजे त्याने दुसऱ्याचे नुकसान केले तर भरपाई मिळते. ट्रेलर स्वतः मोडला तर तो खर्च त्यात येत नाही. घराच्या विम्याकडे वळावे, तर तिकडे वर्षानुवर्षे चालत आलेल्या एचओ-३ या नमुना पॉलिसीत अशा ट्रेलरसाठी १,५०० डॉलरची मर्यादा आढळते. शिवाय तो घराच्या आवाराबाहेरून चोरीला गेला, तर ती चोरी पॉलिसीत बसतच नाही. आणि हा ट्रेलर घेतलेलाच असतो आवाराबाहेर जाण्यासाठी!

म्हणून त्याची स्वतंत्र पॉलिसी विचारात घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गारपीट, कोसळलेली फांदी, आग, चोरी यांचे नुकसान सर्वसमावेशक संरक्षणात येते. ‘जुन्या, स्वस्त ट्रेलरला विमा कशाला?’ असे विचारणाऱ्याने तळावरचे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. गाडीपासून ट्रेलर सुटा केलेला आहे, ताणलेल्या दोरीला शेजारचे मूल अडखळते, हात मोडतो. दवाखान्याचे बिल ट्रेलरची किंमत पाहून येत नाही. अशा प्रसंगासाठी मुक्कामातल्या दायित्वाचे वेगळे कलम घेता येते.

मात्र ओला कॅनव्हास तसाच घडी करून ठेवला आणि बुरशी धरली, किंवा हिवाळ्यात उंदरांनी तो कुरतडला, तर ते नुकसान सहसा वगळलेले असते. कापड वाळवणे मालकाकडेच राहते. भरपाई झीज वजा करून मिळणार की आधी ठरलेल्या किमतीने, हेही सही करण्यापूर्वी वाचावे.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापारात ‘जोखमी हुंडी’ चालत असे. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यायचे. पोहोचला की जोखीम संपली. पॉप-अपची बरीचशी जोखीम पोहोचल्यानंतर, छप्पर वर आले की सुरू होते. पुढच्या पानांवर आपणही तिथूनच, हुक सुटल्याच्या क्षणापासून, निघणार आहोत.