बीड जिल्ह्यातील तरुणांचे मनःस्वास्थ्य आणि परिचर्या-संशोधन : एक ऐतिहासिक विवेचन

कोणत्याही समाजातील आरोग्यव्यवस्थेचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः रुग्णालयांच्या स्थापनेच्या तारखा, खाटांची संख्या आणि कायद्यांची कलमे यांचा आधार घेतो. हा आधार आवश्यक आहे. परंतु तो पुरेसा नाही. व्यवस्थेने कोणाकडे पाहिले याबरोबरच तिने कोणाकडे पाहिले नाही, हाही इतिहासाचाच प्रश्न होय. बीड जिल्ह्यातील तरुण मुलामुलींच्या मानसिक आरोग्याविषयी परिचर्याशास्त्राने जे संशोधन करावयास हवे, त्याचा विचार या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुरोधाने करावा, असा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१

बीड जिल्हा हा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. या राजकीय घडामोडींचा मनोरुग्णांच्या शुश्रूषेशी काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु तो संबंध अगदी निकटचा आहे. हैदराबाद संस्थानाचे मनोरुग्णालय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानीत नसून मराठवाड्यातील जालना येथे होते. १९५३ साली ते हैदराबादजवळील एर्रागड्डा येथे नेण्यात आले. पुढे तीनच वर्षांनी भाषावार प्रांतरचना झाली. मराठवाडा एका राज्यात गेला आणि त्याचे मनोरुग्णालय दुसऱ्या राज्यात राहिले. महाराष्ट्राच्या वाट्याला ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार मोठी मनोरुग्णालये आली. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नव्हते. अलीकडच्या वर्षांत जालना येथे नव्या प्रादेशिक मनोरुग्णालयास शासनाने मान्यता दिली, हा इतिहासाने घेतलेला एक उशिराचा वळसा म्हणावा लागेल.

या स्थलांतराचा परिणाम केवळ रुग्णांच्या प्रवासापुरता मर्यादित नव्हता. मनोरुग्णालय हे परिचारिकांच्या शिक्षणाचेही स्थान असते. ते ज्या प्रदेशात असते तेथील परिचारिकांना मनोरुग्णांच्या सहवासाची सवय होते, त्यांच्या बोलीतील दुःखाची भाषा ऐकू येते आणि त्यातून निरीक्षणाची परंपरा निर्माण होते. मराठवाड्यात ही परंपरा रुजण्यापूर्वीच खंडित झाली.

२

आता परिचर्याशास्त्राच्या बाजूकडे वळू. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल सादर केला, तेव्हा सर्व देशात नोंदणीकृत परिचारिका सुमारे ७,००० होत्या. मनोरुग्णांसाठी असलेल्या खाटा सुमारे १०,००० होत्या, म्हणजे ४०,००० लोकसंख्येमागे एक. त्याच काळी इंग्लंडमध्ये हे प्रमाण सुमारे ३०० लोकांमागे एक असे होते. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. १९५४ साली बंगळूर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली आणि त्याच दशकात तेथे मनोविकार-परिचर्येचा पदविका अभ्यासक्रम आला. मुंबईस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये स्थापन झाले. पदवी अभ्यासक्रमात मनोविकार-परिचर्या हा विषय साठोत्तर दशकात अनिवार्य झाला. सर्वसामान्य परिचारिकेच्या पदविका अभ्यासक्रमास मात्र त्यासाठी १९८६ पर्यंत थांबावे लागले. ग्रामीण रुग्णालयांत काम करणाऱ्या बहुसंख्य परिचारिका पदविकाधारकच होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या वीस वर्षांच्या अंतराचे महत्त्व कळते.

पाश्चात्त्य देशांत याच सुमारास परिचर्येच्या संशोधनास स्वतंत्र रूप येत होते. १९५२ साली अमेरिकेत परिचर्या-संशोधनास वाहिलेले नियतकालिक निघाले आणि त्याच वर्षी हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांचा परिचारिका व रुग्ण यांच्या परस्परसंबंधांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो ग्रंथ १९४८ मध्येच लिहून झाला होता. परंतु केवळ परिचारिकेने, डॉक्टरांचे सहलेखन न घेता, असा ग्रंथ लिहावा ही गोष्ट त्या काळी धाडसाची वाटल्यामुळे प्रकाशन लांबले. पेप्लाऊ यांचे म्हणणे थोडक्यात असे की, परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील संबंध हेच मनोविकार-परिचर्येचे मुख्य साधन होय. याचा संशोधनदृष्ट्या अर्थ असा की, जेथे संबंध नाही तेथे माहितीही मिळणार नाही. बीड जिल्ह्यातील तरुणांच्या संदर्भात हे सूत्र विशेष उद्बोधक ठरते.

३

१९७४ साली अंबाजोगाई येथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते आणि त्याच गावी शिक्षक म्हणून राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव त्यास देण्यात आले. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या या गावी ग्रामीण जनतेसाठी वैद्यकीय विद्यालय निघावे, ही घटना मराठवाड्याच्या दृष्टीने फार मोठी होती. तथापि खेड्यातील तरुणाची आरोग्यव्यवस्थेशी पहिली गाठ पडते ती महाविद्यालयात नव्हे. ती पडते उपकेंद्रातील नर्सबाईशी. १९७३ च्या कर्तारसिंग समितीच्या शिफारशींनुसार सहायक परिचारिका-प्रसाविका ही ‘बहुउद्देशीय आरोग्यसेविका’ झाली. नाव बहुउद्देशीय असले, तरी तिच्या नोंदवह्यांचे उद्देश मोजकेच होते : गरोदरपण, बाळंतपण, लसीकरण आणि कुटुंबनियोजन.

या नोंदवह्यांचा इतिहासकाराने गांभीर्याने विचार करावयास हवा. नोंदवही ही व्यवस्थेची दृष्टी असते. जिच्यात रकाना नाही ती व्यथा सरकारदरबारी अस्तित्वातच नसते. उपकेंद्राच्या वहीत विवाहित स्त्रीस रकाना होता, अर्भकास रकाना होता. पंधरा वर्षांच्या अविवाहित मुलीस किंवा अठरा वर्षांच्या बेकार मुलास नव्हता. ती मुलगी वहीत दाखल होई ती लग्नानंतर, गरोदर झाल्यावर. किशोरवयीनांच्या आरोग्याचा स्वतंत्र विचार प्रजनन आणि बाल आरोग्य कार्यक्रमाच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २००५ च्या सुमारास, सुरू झाला. आणि जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मानसिक आरोग्य हा सहा मुख्य विषयांपैकी एक म्हणून प्रथमच ठळकपणे नमूद झाला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ चा; म्हणजे मानसिक आरोग्याची व्यवस्था आणि किशोरांची व्यवस्था या दोहोंना एकत्र यावयास तीन दशके लागली.

४

या तीन दशकांत बीड जिल्ह्यातील तारुण्याचे स्वरूपच पालटत होते. १९५० पासून पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखानदारी वाढली आणि तिला ऊसतोडणीसाठी मजूर लागू लागले. १९७२ च्या दुष्काळानंतर बीडच्या कोरडवाहू डोंगरपट्ट्यातून या कामासाठी होणारे स्थलांतर फारच वाढले. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. उचल मिळते ती कोयत्याला, एकट्यादुकट्याला नव्हे. जोडपे झाल्याशिवाय कोयता होत नाही, आणि वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवावी ही चिंता सुटत नाही. या दोन कारणांनी मुलींची लग्ने लवकर उरकण्याकडे कल राहिला. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेला आढळला. संपूर्ण महाराष्ट्राचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते.

२०१९ साली ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापुढे आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. हा आकडा शरीराचा आहे. ज्या घरात आईची अशी शस्त्रक्रिया झाली, त्या घरातील मुलीवर चुलीचा, भावंडांचा आणि पुढे कोयत्याचाही भार किती वर्षे आधी आला, तिची झोप, तिची भीती, तिचे शिक्षण यांचे काय झाले, ही त्या आकड्याच्या कक्षेबाहेरची बाब आहे. आणि परिचर्या-संशोधनाचे क्षेत्र नेमके तेथूनच सुरू होते.

या प्रश्नाची निकड केवळ स्थानिक नाही. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी मृत्यू-पाहणीनुसार भारतात आत्महत्येने मरण पावणाऱ्या पुरुषांपैकी ४० टक्के आणि स्त्रियांपैकी ५६ टक्के व्यक्ती १५ ते २९ या वयोगटातील होत्या. बीडची चर्चा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या अनुषंगाने पुष्कळ झाली. २०१५ साली शासनाने मराठवाडा व विदर्भातील जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ ही समुपदेशनाची योजनाही काढली. परंतु त्या चर्चेत कर्ता पुरुष केंद्रस्थानी राहिला. त्याच्या मागे राहिलेले तरुण मूल, किंवा शेती न करणारी, स्पर्धा-परीक्षांच्या तयारीत वर्षे घालविणारी पिढी, या चर्चेच्या कडेलाच उभी राहिली.

५

येथे पद्धतीचा प्रश्न उपस्थित होतो. महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाल्यानंतर परिचर्या महाविद्यालयांची आणि त्याबरोबर पदव्युत्तर प्रबंधांची संख्या वाढली. या प्रबंधांचा एक साचा वाचकांस परिचित आहे : एखाद्या शाळेतील किंवा महाविद्यालयातील सोयीने मिळालेले विद्यार्थी घ्यावयाचे, ताणतणावाविषयीचे त्यांचे ज्ञान प्रश्नावलीने मोजावयाचे, एक नियोजित पाठ द्यावयाचा आणि काही दिवसांनी पुन्हा मोजावयाचे. गुण वाढतात, पाठ परिणामकारक ठरतो. या साच्याने प्रशिक्षणार्थीस संशोधनाची शिस्त लागते हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ज्ञान वाढणे आणि दुःख कमी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. शैक्षणिक वर्षातील ज्या महिन्यांत सामग्री गोळा केली जाते, त्याच महिन्यांत ऊसतोडीचा हंगाम चालू असतो. वर्गात जे हजर ते नमुन्यात. जे फडावर, कोपीत, ते नमुन्याबाहेर. म्हणजे ज्यांच्या मनावर भार अधिक असण्याचा संभव, तेच मोजणीतून निसटतात आणि निष्कर्ष मात्र ‘जिल्ह्यातील किशोरवयीन’ या नावाने मांडला जातो. हंगामी वसतिगृहे, तसेच २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी मंजूर झालेली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहे, ही या दृष्टीने केवळ कल्याणकारी योजना नसून संशोधनाचीही क्षेत्रे होत.

तिसरा प्रश्न भाषेचा. गोल्डबर्ग यांची १९७० च्या दशकातील सामान्य आरोग्य प्रश्नावली किंवा गुडमन यांची १९९७ ची बालक-किशोरांसाठीची प्रश्नावली यांचे मराठी रूप करताना ‘नैराश्य’, ‘चिंताग्रस्तता’ असे शब्द येतात. बीडकडील मुलगी असे बोलत नाही. तिचा जीव घाबरतो, मन लागत नाही, डोक्यात विचार येतात, धसका बसलेला असतो. कधी घरचे म्हणतात, बाहेरचे लागले. यांपैकी कोणता शब्द कोणत्या अवस्थेचा द्योतक आहे, हे ठरविणे भाषांतरकाराचे काम नसून जिने तो शब्द रोज ऐकला आहे त्या परिचारिकेचे आहे.

हे काम अशक्य नाही, याचे दाखले मराठी प्रदेशातच आहेत. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमात गावातील सामान्य कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन मानसिक आरोग्याचे काम करण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मूल्यमापनानुसार औदासीन्याने ग्रस्त व्यक्तींपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. लोक मदत नाकारत नव्हते. मदतच त्यांच्या दारी आली नव्हती, असाच याचा अर्थ होतो.

६

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविकार-परिचारिकेस कायद्यात स्थान दिले, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून परिचर्या पदवीधर येऊ लागले. जालन्याचे मनोरुग्णालय गेल्यापासून जो दुवा तुटला होता, तो जुळविण्याची संधी त्यामुळे प्रथमच बीडच्या खेड्यापर्यंत पोचली आहे.

या संधीचा उपयोग कसा होतो, हे पुष्कळसे पदव्युत्तर विद्यार्थी कोणता विषय आणि कोणता नमुना निवडतात यावर अवलंबून राहील. हंगामापूर्वी आणि हंगामानंतर त्याच मुलामुलींची गाठ घेणारा, लग्न झाल्यावर नव्हे तर त्यापूर्वी मुलीशी बोलणारा आणि तिचेच शब्द नोंदवून घेणारा एखादा साधा अभ्यास पुष्कळ नियोजित पाठांहून अधिक मोलाचा ठरेल. उपकेंद्राच्या वहीत एक रकाना वाढविणे ही गोष्ट लहान दिसते. परंतु आतापर्यंतचा इतिहास पाहता, त्या रकान्याच्या अभावीच एका जिल्ह्याचे तारुण्य शास्त्राच्या दृष्टीआड राहिले, असे म्हणणे प्राप्त होते.