चालता हत्ती आणि तीन कॅमेरे

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. कुणाच्या हाती सोंड, कुणाच्या हाती शेपूट; सगळ्यांचं म्हणणं एकत्र केलं की हत्ती सापडतो. अनेकान्तवाद शिकवताना आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर हीच गोष्ट सांगतो. पण हत्ती चालत असला तर? मग कुणी कुठे हात लावला एवढं पुरत नाही. कधी लावला, तेही सांगावं लागतं. अनेक कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र जोडण्याचा इतिहास हा या ‘कधी’चा इतिहास आहे.

१५ ऑक्टोबर १९५१ रोजी अमेरिकेत ‘आय लव्ह लूसी’ ही विनोदी मालिका सुरू झाली. तेव्हा सिनेमात प्रघात एका कॅमेऱ्याचा. नटानं तोच प्रसंग पुन्हा पुन्हा करायचा, कॅमेरा दर वेळी जागा बदलणार. या मालिकेत मात्र समोर प्रेक्षक बसलेले आणि तीन फिल्म कॅमेरे एकाच वेळी चालू. ‘मेट्रोपोलिस’चे छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड यांनी प्रकाशयोजना अशी बसवली की तिन्ही कोनांतून न थांबता चित्रण व्हावं. संकलक डॅन कान यांच्यापुढे तिन्ही चित्रं शेजारी शेजारी चालवणारं यंत्र होतं. त्याला गमतीनं ‘तीन डोक्यांचा राक्षस’ म्हणत.

यात बदललं काय? एका कॅमेऱ्याच्या सिनेमात सांधा दोन वेगळ्या वेळा जोडतो आणि आपण त्यांना एक मानून घेतो. इथे सांधा एकाच वेळेच्या दोन बाजू जोडतो. प्रेक्षकांचं हसू खरोखर त्याच विनोदाला आलेलं असतं.

पण वेळ एक आहे, हे ठरवायचं कसं? पाटी वाजवून तिन्ही रिळांवर एक खूण करता येते. पुढे चित्रफितीवर प्रत्येक चौकटीला वेळेचा क्रमांक देण्याची पद्धत आली. त्यातही अडचण होतीच. अमेरिकेत रंगीत दूरचित्रवाणीसाठी १९५३ साली सेकंदाला ३० ऐवजी सुमारे २९.९७ चौकटी ठरल्या. ३० च्या हिशेबानं मोजत गेलं तर तासाला ३.६ सेकंदांची तफावत पडते. म्हणून तासाला १०८ क्रमांक गाळतात. चौकट एकही गळत नाही, फक्त आकडा गळतो. आपल्या पंचांगातली क्षयतिथीच म्हणा ना! तिथी गाळली म्हणून दिवस काही नाहीसा होत नाही.

तुम्ही म्हणाल, हे तंत्रज्ञांचं काम, आपल्याला काय त्याचं? आज रस्त्यावर दंगल झाली तर दहा मोबाइल ती टिपतात. पहिला दगड कुणी मारला, हे त्या चित्रणांच्या जुळवणीवर ठरू शकतं. जुळवणी दोन सेकंदांनी सरकली, तर प्रत्युत्तर हीच आगळीक दिसू लागते. सगळ्यांत ऐकू आलेला एखादा मोठा आवाज खूण म्हणून धरावा, तर तोही सगळीकडे एकदम पोचत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो; तेवढ्या अंतरावरच्या मोबाइलमध्ये तो एक सेकंद उशिरा नोंदला जातो.

तेव्हा जोडलेलं चित्रण पाहताना ‘कुणी टिपलं’ हे आपण विचारतोच. त्याच्या बरोबरीनं ‘यांची घड्याळं कुणी आणि कशी जुळवली’ हेही विचारायला हवं. साक्षीदार दहा असले, तरी क्षण एकच असल्याची खात्री झाल्याशिवाय त्यांची साक्ष एक होत नाही.